विमानाखालचं तेल

आमच्या कारंजा गावात ‘पोरगी पायलट होणार’ असं म्हटलं की लोक आधी आभाळाकडे बघतात, मग बापाकडे. माझे बाबा एसटीचे ड्रायव्हर, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांची निवृत्तीची रक्कम, बायपासजवळचा प्लॉट आणि बँकेचं कर्ज एवढं सगळं मिळून फ्लाइंग स्कूलची फी जेमतेम निघत होती, तीही एकदाच. शाळेची निवड चुकली तर दुसरी संधी नव्हती. दोनशे तास उड्डाण झाल्याशिवाय लायसन्स मिळत नाही, आणि फी भरूनही विमान न मिळाल्यानं अर्ध्यावर लटकलेल्या मुलामुलींच्या कहाण्या मी रोज मोबाइलवर वाचत होते. म्हणून मी वहीत रकाने आखून शाळांची तुलना मांडली. बाबांनी वही लांब धरून पाहिली आणि विचारलं, “याच्यातल्या कोन्त्या शाळेपरेंत आपला पास चालते?”

एसटीतून निवृत्त झालेल्यांना राज्यापुरता मोफत पास मिळतो. परराज्यातल्या शाळा तिथल्या तिथे बाद झाल्या. पोरीचं आभाळ एसटीच्या हद्दीत बसवणारं आमचं एकमेव घर असावं. मी कपाळावर हात मारून घेतला.

बघायची पहिली शाळा मी निवडली. काचेचं ऑफिस, गार हवा, शिरताच हातात गुलाबाचं फूल. मॅनेजरनं मला खांद्यावर सोनेरी पट्ट्या असलेला पांढरा शर्ट घालायला दिला आणि माझा फोटो काढला. आठ दिवसांत पूर्ण फी भरली तर घसघशीत सूट. खोटं कशाला बोलू, आरशात त्या पट्ट्या बघून मला रडू आलं. वळून बघते तर बाबा गायब.

विमानं ठेवायच्या शेडमध्ये ते सापडले. एका विमानाखाली उताणे पडले होते, नुसते पाय बाहेर. मॅनेजर धावत आला.

“साहेब, खाली तेलाचा थेंब नाई,” बाबा आतूनच म्हणाले.

“अगदी स्वच्छ ठेवतो आम्ही,” मॅनेजर खूश झाला.

बाबा बाहेर आले, पँट झटकली. “चालत्या गाडीखाली थेंबभर तरी तेल पडतेच. अन् टायर पाहा, खालून बसलं हाय. कधीपासून उभी हाय हे?”

“काका, हे विमान आहे, गाडी नाही.”

“उभंच असन त दोन्ही सारखं.”

मग त्यांनी लॉगशीट मागितलं. आदल्या ड्रायव्हरनं गाडीबद्दल काय लिहून ठेवलंय ते वाचल्याशिवाय बाबांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मॅनेजर म्हणाला, ते गोपनीय असतं. बाबा मला म्हणाले, “शर्ट देऊन टाक वापस.”

परतीच्या बसमध्ये अकोल्यापर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले. अकोल्याला बाबांनी उसाचा रस पाजला. तो प्याले आणि मग बरसले. “बाबा, तुमी तिथं झोपले कायले? सारे हसून राह्यले होते!”

“हसू दे. पैसे भरून तू बसली असती अन् इमान उडालंच नसतं, त मंग कोन हसलं असतं?”

मी रिकामा ग्लास रसाच्या गाड्यावर आपटला आणि एकटीच बसमध्ये जाऊन बसले.

दुसऱ्या शाळेचं ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली. पंखा काठीनं ढकलल्यावर फिरायचा. मी नाक मुरडलं. बाबा तर आत आलेच नाहीत. ते कुंपणाबाहेर चहाच्या टपरीवर बसले आणि कोणतं विमान किती वाजता गेलं, किती वाजता आलं, ते कागदावर टिपू लागले. दुपार व्हायच्या आत सुरक्षा रक्षकानं त्यांना धरलं. कुंपणाशी बसून विमानांच्या वेळा लिहिणारा माणूस, आणि विचारलं तर म्हणतो, “मी फेऱ्या मोजून राह्यलो.” धरणार नाही तर काय ओवाळणार?

आम्हाला मुख्य प्रशिक्षक बाईंपुढे उभं केलं. त्यांनी चष्मा लावून बाबांचा कागद वाचला, मग स्वतःचं रजिस्टर मागवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात पोलीस, जामीन, आईला फोन, सगळं उरकून आले.

“आमच्याकडे सकाळपासून अकरा उड्डाणं लिहिलीत,” बाई म्हणाल्या. “तुमची बारा कशी?”

“बाराच हायत. सव्वादहाची तुमच्या बाबूनं लिहिली नाई.”

बाबूला बोलावलं. सव्वादहाला तो टपरीवर बाबांच्याच शेजारी बसून चहा पीत होता.

बाई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या आणि स्वतः बाबांना विमानांपाशी घेऊन गेल्या. खाली काळे डाग होते. बाबांनी बोट लावून वास घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. लॉगबुकही मिळालं. इंग्रजी येत नसूनही त्यांनी ते शेवटपर्यंत उलटलं. पानं भरलेली आहेत की कोरी, एवढंच त्यांना बघायचं होतं.

“फी कुठेच एकदम भरू नका,” बाई म्हणाल्या. “ती उडेल तशी द्या. आम्हालासुद्धा.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. सोनेरी पट्ट्यांचं दुःख मला पुढे दोन दिवस पुरलं, हे कबूल करते.

महिन्याभरानं माझं पहिलं उड्डाण ठरलं आणि बाबा सकाळीच हजर झाले. विमान अगदी लहान, दोन माणसांचं. इतकी वर्षं भरल्या गाड्या घाटातून नेणारे बाबा त्याच्याभोवती चार फेऱ्या मारून आले.

“मॅडम, किती वर नेसान?”

“तीन हजार फूट.”

“पह्यलाच दिवस हाय. जरा खालून नाई का चालत? झाडाच्या थोडं वर?”

या वेळी बाई हसल्या नाहीत. “काका, वर असलं की काही बिघडलं तरी हाताशी वेळ असतो. जागा शोधून उतरता येतं. खाली तो वेळच मिळत नाही. जितकी उंच जाईल, तितकी ती सुखरूप.”

झाडावरून, गच्चीवरून, टाकीवरून, जन्मभर बाबांनी मला ‘खाली उतर’ एवढंच सांगितलं होतं. मग त्यांनी स्वतः दार धरून मला आत बसवलं, पट्टा ओढून पाहिला आणि बाईंना म्हणाले, “मंग वर घेऊन जा मॅडम. लय वर घेऊन जा.”