डब्याच्या पिशवीत पोचलेला फोन

वखारीत लाकूड कापणाऱ्या माझ्या मित्राला सगळे भुस्या म्हणत. केसांत, भुवयांत, कानांत बारमाही भुसा. माझी शाळा गावापुरती, यंत्रातलं मला काय कळणार. पण त्याचा मोबाइल गुणाचं लेकरू होता, हे छातीठोक सांगतो. ओंडक्यांच्या ढिगावरून पडला तरी ओरखडा नाही. बॅटरी तर संपता संपत नसे.

बिनवायरीचे इअरफोन मात्र पक्के द्वाड. डावा मध्येच मुका होई, उजवा कानातून निसटून भुशात पडे. मग आम्ही दोघं म्हातारे गुडघ्यांवर बसून भुसा चाळायचो. त्यांच्या डबीचं झाकण मोडकं, त्याला रबर लावलेलं. रबर निसटलं की आतले दोघे जागे होत आणि फोनवरचं बोलणं परस्पर आपल्याकडे ओढून घेत.

त्या दिवशी डबी जेवणाच्या पिशवीत होती आणि पिशवी करवतीशेजारच्या खिळ्याला. अनोळखी नंबर वाजला. भुस्याने करवत थांबवून फोन कानाला लावला. हळू आवाजात हॅलो म्हणाला, कोण म्हणून विचारलं. पलीकडे चिडीचूप. कर्ज हवंय का विचारणारे त्याला रोज पिडत, त्यातलाच हा असं धरून त्याने अशा कचकचीत शिव्या हासडल्या, की मी हातातली फळी खाली ठेवली. शेवटी ओरडला, "मेलास तरी मला फोन करू नकोस."

जेवताना पिशवी उघडली तर रबर सुटलेलं. कर्जवाला मघापासून डब्याशी बोलत होता म्हणून आम्ही पोट धरून हसलो.

पुढच्याच आठवड्यात त्याच नंबरवरून फोन आला. पुतणीचा. आईच्या आजारपणात भुस्याचा थोरला भाऊ फिरकला नाही, तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. ती म्हणाली, "काका, बाबा गेले. तुम्हाला कळवू नका म्हणाले होते. मला राहवलं नाही."

तो मोबाइल प्रत्येक फोन रेकॉर्ड करी. भुस्याने त्या दिवशीच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. दादाचा आवाज खोल गेलेला, पण स्पष्ट. दवाखान्यात आहे, चुकलं माझं, एकदा येऊन जा, ऐकतोयस ना? भुस्याचं हॅलो कुठेच नाही. हळू बोललेलं पिशवीतल्या माइकपर्यंत पोचलंच नव्हतं. पोचलं होतं ते फक्त ओरडणं.

साक्षीला मला घेऊन तो वहिनीकडे गेला. पिशवी, डबी, तुटकं झाकण, सगळं त्याने सांगितलं. मीही सांगितलं, हा हॅलो म्हणत होता, मी शेजारीच होतो. दोन म्हाताऱ्यांनी वाटेत जुळवून आणलेली गोष्ट वाटावी, असंच ते आमच्या तोंडून निघालं.

मग त्याने रेकॉर्डिंग लावलं. वहिनीने ते शेवटपर्यंत ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं आणि शिव्या सुरू व्हायच्या आत हात वर करून थांबवलं.

"भावजी, त्यांचं बोलणं तेवढं मला पाठवा. तुमचं काढून टाका."

भुस्याला ते जमेना. बोटं काचेवर नुसतीच फिरत राहिली. पुतणीने त्याच्या हातून फोन घेतला, उभ्या उभ्या नको ते काढलं, उरलेलं आईला पाठवलं आणि फोन परत दिला. आम्ही उठलो. बसा असं कुणी म्हणालं नाही.