बाबांच्या खोलीतली पाखरं

आधीच सांगून टाकते — या सदरात छापून येणारे भुताखेतांचे, चमत्कारांचे अनुभव मी आजवर स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवत आलेय, आणि तेही आवाज काढून, सगळ्यांना हसवायला. मी विज्ञान शिकवते. आमचं घर बौद्ध, त्यातही बाबा पक्के. लहानपणी गल्लीत कोणी भानामतीचा विषय काढला की ते म्हणायचे, "काही नसते भानामती-फिनामती. लोकायले कामं नाईत." त्यांची मुलगी म्हणून वाढल्यावर अशा गोष्टींवर विश्वास ठेवणं म्हणजे घरच्या मिठाला न जागणं. पण गेल्या वर्षी जे झालं ते माझ्या स्वतःच्या डोळ्यांसमोर झालं. तेव्हापासून ते वाचनाचे कार्यक्रम बंद आहेत.

आम्ही तेलंगणात राहतो, आदिलाबाद जिल्ह्यात, तलमडुगु मंडलातल्या एका गावात. गावाचं नाव देत नाही, उगाच उद्या सगळे ओट्यावर येऊन बसतील. निम्मी घरं मराठी, निम्मी तेलुगू, आणि गाव संपलं की कापूसच कापूस. घरात मी आणि बाबा, दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझं लग्न झालं नाही, तो वेगळा विषय आहे आणि इथे त्याचा काही संबंध नाही.

बाबांची सारी उमर आदिलाबादच्या जिनिंगमध्ये गेली. रुईच्या धुरळ्यात उभं राहून त्यांनी मला शिकवलं आणि त्या धुरळ्याने त्यांची फुप्फुसं खाल्ली. आता त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते — हे मशीन खोलीतलीच हवा ओढतं, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीने नाकात सोडतं. मागे एक स्पंजची जाळी असते. जाळी तुंबली की मशीन दमतं, आणि मशीन दमलं की बाबा दमतात. माझं सगळं आयुष्य त्या तळहाताएवढ्या स्पंजावर आलेलं आहे.

आणि आमच्याकडे पाखरं येतात.

पाखरं म्हणजे पुस्तकातले पतंग. मातकट रंगाची, बोटाच्या पेराएवढी. पोळा झाला की बतुकम्माची, म्हणजे नवरात्रातल्या तेलुगू सणाची, फुलं निघेपर्यंत कधीतरी त्यांच्या झुंडी येतात. कुठून येतात, पुढे कुठे जातात, कोणाला ठाऊक नाही. दिवस बुडाला की जिथे उजेड दिसेल तिथे घुसतात, भाताच्या पातेल्यात पडतात, अंथरुणात शिरतात, आणि काही दिवसांनी आली तशी निघून जातात. इतरांना नुसता वैताग. पण त्यांच्या पंखांवर भुकटी असते, हात लावला तरी बोटाला लागते. ती भुकटी एका संध्याकाळीत स्पंज बुजवून टाकते, आणि बाबांच्या नाकात गेली तर जी ढास लागते ती थांबतच नाही. एका वर्षी त्यातूनच त्यांना ॲडमिट करावं लागलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "मॅडम, पुन्हा असं झालं तर..."

तेव्हापासून ते दिवस आले की मी वेड्यासारखी घर बंद करायला लागायची. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी, दाराखाली गोधडी, कौलांखालून प्लॅस्टिक, न्हाणीच्या मोरीच्या भोकातसुद्धा चिंध्या. दाराला ओली चादर. मशीनचा हिरवा दिवासुद्धा मी काळ्या पट्टीने झाकलेला. बाबा पलंगावर बसून माझी धावपळ पाहायचे आणि म्हणायचे, "पोरी, मले काय लोनच्यावानी घालून राह्यली का बरनीत?"

"बाबा, तुमी बोलू नका. दम लागते तुमाले."

"दम लागतेच. बोललो तरी अन् नाई बोललो तरी."

गावानेही यावर आपला एक उपाय काढलेला आहे. त्या दिवसांत गाव अंधार पाळतं. दिवस बुडाल्यापासून जेवणवेळेपर्यंत कोणी घरात लाइट लावायचा नाही, टीव्ही नाही, स्वयंपाक उजेडातच उरकायचा. आणि वेशीबाहेर, शेताच्या मोटारीच्या लाइनवर एक मोठा बल्ब टांगायचा, खाली घमेलं भरून पाणी, त्यात रॉकेल. पाखरं गाव सोडून तिकडे जातात आणि पाण्यात पडून मरतात. बल्बाजवळ बसायची घराघराची पाळी असते. आमच्या घराला पाळी माफ आहे, आजारी माणूस म्हणून. आणि आमचं मशीन बंद खोलीत चालू ठेवायलाही कोणाची ना नसते.

गेल्या वर्षी पाखरं फार आली. इतकी की सायकलवाले तोंडाला फडकं बांधून जात होते. त्यात कोणीतरी मॅचसाठी टीव्ही लावला आणि अख्ख्या गल्लीत पाखरं भरली. गावात वादावादी झाली आणि ठरलं की कोणावर भरवसाच नको. लाइनमनला सांगून दिवस बुडताना गावाच्या ट्रान्सफॉर्मरचे फ्यूजच काढून ठेवायचे, जेवणवेळेला परत घालायचे. वेशीवरच्या बल्बाची लाइन वेगळी, त्यामुळे तो चालूच राहणार. ठराव झाला तेव्हा मी शाळेत. माइकवरून मराठीत आणि तेलुगूत पुकारलं तेव्हाही मी शाळेत. ते ऐकलं फक्त बाबांनी, आणि ते गप्प बसले. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "गावाचं काम हाय. माह्या एकट्यासाठी काऊन अडवू?" गावातल्या एकालाही आमचं मशीन आठवलं नाही, इतकं ते त्यांच्या डोळ्यांआड होतं. मी त्यांना दोष देत नाही. म्हणजे देते, पण त्याचा उपयोग नाही.

मी घरी आले, दारं-खिडक्या लावल्या, चादर ओली केली. आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर मशीन चालू झालं तेव्हा मला वाटलं नेहमीसारखी जाते तशी गेली असेल, येईल. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी. छोटं सिलिंडर असतं आमच्याकडे, पण ते नेमकं भरायला आदिलाबादला गेलेलं. थोड्याच वेळात मशीनने लांब शिटी दिली आणि ते बंद पडलं.

ती शांतता मला आजही ऐकू येते. त्या खोलीत मशीनची घरघर नाही असं मी कित्येक महिने अनुभवलंच नव्हतं.

बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा खाली यायला लागला. लाइनमनला फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला. बाबा पुढे वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून श्वास ओढत होते, गळ्याच्या बाजूची शीर ताणलेली, ओठ जांभळट. तेव्हा ते मला म्हणाले, एकेक शब्द तोडत, "फ्यूज... काढले... गावानं." मी किंचाळलेच. शेजारच्या नरसव्वाला हाक मारली — बाबांना ती तेलुगूत नान्ना म्हणते, म्हणजे वडील — ती धावत आली, तिचा नवरा मोटारसायकल काढून लाइनमनला शोधायला वेशीकडे गेला. नरसव्वाला बाबांपाशी बसवलं आणि मी ट्रान्सफॉर्मरकडे पळत सुटले. काय करणार होते मी तिथे? हाताने वायर जोडणार होते? विज्ञानाची शिक्षिका! पण बाबांचा जीव जात असताना मला नुसतं उभं राहवेना.

ट्रान्सफॉर्मरपाशी कोणी नव्हतं. फ्यूजच्या जागा रिकाम्या. मी तिथे मातीत बसून लहान पोरासारखी रडले. कोणाला प्रार्थना करावी तेही मला कळेना, कारण आमच्यात मागणं मागायची पद्धतच नाही. शेवटी मी नुसतंच म्हणत राहिले — कोणीतरी या, कोणीतरी या. आणि तशीच उठून परत पळाले, निदान शेवटी तरी जवळ असावं म्हणून.

अंगणात नरसव्वा उभी होती. घराचं दार सताड उघडं, माझी ओली चादर खाली पडलेली.

"अंदर नक्को जाव, टीचरम्मा," ती म्हणाली. "पूरे आ गए. नान्ना के ऊपर बैठे सब."

मी तिला ढकलून आत गेले. अजून पुरता अंधार पडला नव्हता, दारातून संध्याकाळचा उजेड येत होता, त्यामुळे दिसलं नाही, भास झाला, असं म्हणायची सोय मला नाही. बाबा पलंगावर उताणे निजलेले. जे बाबा गेली तीन-चार वर्षं उताणे निजू शकलेले नाहीत! आणि गळ्यापासून पायांपर्यंत त्यांच्यावर पाखरं होती. एकावर एक. चेहरा तेवढा मोकळा. माझी पहिली भावना काय होती सांगू? संताप. मी झाडू उचलला. मेलेल्या माणसाला तरी सोडा, असं काहीतरी ओरडले.

आणि तेव्हा मला दिसलं की ती सगळी पंख एकदम हलवत होती. सगळी. एकदम वर... एकदम खाली. पाखरं अशी हलवत नाहीत, ज्याचं त्याचं वेगळं फडफडणं असतं. इथे हजारो पंख एका तालात उठत होते आणि बसत होते, सावकाश, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखे. खोलीत वारा होता. माझ्या तोंडावर लागत होता. बाबांच्या नाकातोंडासमोर मी हात धरला — श्वास येत-जात होता की तो वाराच होता, मला सांगता यायचं नाही. पण ओठ जांभळे नव्हते. बोटावरचा ऑक्सिमीटर पाखरांखाली दबलेला, त्याचा लाल उजेड पंखांमधून दिसत होता. मी ती हळूच बाजूला केली. ती उडाली नाहीत. आकडा होता चौऱ्याण्णव. मशीनवरसुद्धा बाबांचा आकडा एवढा कधी जात नाही.

मी झाडू खाली ठेवला. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले आणि नरसव्वा दारात. किती वेळ ते विचारू नका. मग कुठेतरी मोटारसायकल वाजली, आणि जरा वेळाने लाइट आली. मशीनने शिटी दिली आणि घरघर सुरू झाली. पाखरं उठली, दारातून बाहेर गेली. बल्बाकडे एकही वळलं नाही. बाबांनी डोळे उघडून आधी मला विचारलं, "रडून काऊन राह्यली?"

मी स्पंज काढून पाहिला, स्वच्छ. चादर झटकली, चिमूटभरही भुकटी नाही. माझ्या बोटांनाही नाही, आणि मी तर पाखरांना हात लावला होता.

दुसऱ्या दिवशी बाबांना विचारलं, तुम्हाला काय आठवतंय? त्यांनी आधी नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाले, "पोरी, मी दम घेतलाच नाई. मले घ्याच नाई लागला." माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात कधी अंगारा घरात येऊ दिला नाही, ते हे बोलले आणि लगेच म्हणाले, "कोनाले सांगू नोको, हसतीन."

डॉक्टरांना मी फक्त अर्धं सांगितलं. ते म्हणाले, थंड बोटांवर ऑक्सिमीटर चुकतो. मान्य. माणूस घाबरला की काहीही दिसतं. तेही मान्य. दार उघडल्यावर हवा आली. मान्य, मान्य. वर्गात मीसुद्धा हेच सांगितलं असतं. पण नरसव्वाने पाहिलं त्याचं काय? आणि मशीनशिवाय तेवढा वेळ बाबा जगलेच कसे, याला डॉक्टरही खांदे उडवतात. मी वर्षभर डोकं फोडलंय, मला काही सापडलेलं नाही.

आता या वर्षाचं. बाबांना आता मशीन पुरत नाही. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, "घरीच ठेवा, त्यांना आवडेल ते द्या." हे ऐकून मी घरी आले आणि खिडक्यांच्या सगळ्या पट्ट्या ओरबाडून काढल्या. आता रोज दिवस बुडाला की मी दारं उघडी टाकते, ओट्यावर मोठा बल्ब लावते आणि मागे पांढरं धोतर बांधते, उजेड लांबून दिसावा म्हणून. गावातले लोक कुजबुजतात. नरसव्वा तेवढी येऊन माझ्या शेजारी बसते. बाबा आतून म्हणतात, "बंद कर तो लाइट. तू जेव आधी." आवाज रोज थोडा बारीक होतोय.

पोळा होऊन गेला. बतुकम्माही गेली. या वर्षी अंधार पाळायची वेळच आली नाही. पाखरं आलेली नाहीत.

म्हणून लिहितेय. खुलासा मला नकोय, हसायचं त्यांनी हसा. पण किनवट, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, कुठूनही कोणी हे वाचत असेल आणि तुमच्याकडे ती आली असतील, तर त्यांना मारू नका. आणि ती कोणत्या दिशेला निघालीत, तेवढं मला आजच्या आज कळवा.