ओठांच्या कोपऱ्यातली हवा

गणपती अगदी तोंडावर आले होते आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचं निवेदन दरवर्षीप्रमाणे दिलीप मुळ्यांकडेच होतं. सकाळी बेसिनपाशी ते चूळ भरायला गेले, तर पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप ओघळून गंजीफ्रॉकवर सांडलं. आरशात पाहिलं, तर अर्धा चेहरा जागचा हललेलाच नव्हता. डावा डोळा मिटता मिटेना.

त्यांची बायको, रत्नप्रभाबाई, हातातलं काम टाकून धावत आल्या. अर्धांगवायूच, असं धरून त्यांनी नवऱ्याला रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी हात वर करायला लावले, चालवून पाहिलं, कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या आणि म्हणाले, "दिमाग ठीक है. चेहऱ्याची नस सुजली आहे. गोळ्या घ्या, डोळ्यात थेंब टाकत राहा. बहुतेकांचं पूर्ण बरं होतं, पण वेळ लागतो."

नेमका वेळ देणंच रत्नप्रभाबाईंना जमत नसे. माहेर ग्वाल्हेरचं, सासर नागपूरचं. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी त्या भोपाळला आल्या आणि अशोका गार्डनच्या फ्लॅटमध्ये राहून टी. टी. नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागल्या. दूध उतू जायच्या आत गॅसशी, घंटा व्हायच्या आत वर्गाशी, अशी त्यांची सगळी चाल. आता त्या स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून परत, अशा फिरत राहायच्या. मागच्या रुळांवरून गाडी गेली की उगाचच दचकायच्या. दर थोड्या वेळाने नवऱ्याचा चेहरा निरखायच्या. "आज जरा हललं का हो?"

"फ्रभा, फुरे," ते म्हणत. 'प' आणि 'ब' त्यांच्या ओठांवर ठरत नव्हते. एवढा खणखणीत आवाजाचा माणूस, त्याने बोलणंच टाकलं. मंडळातून फोन आला, तर हातानेच नाही म्हणून खूण केली.

पेल्याने प्यायला गेलं की सांडायचं. म्हणून बाईंनी कागदी स्ट्रॉचं पाकीट आणलं. त्यातूनही काही वर येईना. ताकात नुसती नळी बुडालेली आणि ओठांपाशी फुसफुस.

"अहो, जोर लावा ना! मनावरच घेत नाही तुम्ही."

"लावतोच आहे," ते कसंबसं म्हणाले आणि पेला सरकवून भिंतीकडे तोंड करून बसले. बाई पदराला हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात प्रकाशाचा धडा होता. काचेच्या पेल्यात पाणी, त्यात पेन्सिल. पेन्सिल मोडल्यासारखी दिसायला लागली तशी मुलं पुढे सरसावली.

"पेन्सिल सरळच आहे," बाई हिंदीत समजावत होत्या. मन मात्र अशोका गार्डनमध्ये होतं. "पाण्यातून बाहेर हवेत येताना प्रकाश वळतो. आपल्या नजरेला ते कळत नाही. तिला वाटतं, तो सरळच आला. म्हणून पाण्यातला भाग खऱ्या जागेपेक्षा वर दिसतो."

"मैम, शरबत में स्ट्रॉ भी टेढ़ी दिखती है," पिंकी नावाची मुलगी म्हणाली. "और शरबत ऊपर कैसे आता है?"

"खींचते हैं!" सगळा वर्ग ओरडला.

"नाही. आपण तोंडातली हवा कमी करतो. मग पेल्यातल्या पाण्यावर बाहेरची हवा दाब देत असते ना, ती पाण्याला नळीतून वर ढकलते." सिद्ध करून दाखवायचं म्हणून नवऱ्यासाठी आणलेल्यांतली, पर्समध्ये राहिलेली एक स्ट्रॉ काढून बाईंनी कंपासच्या टोकाने तिला वरच्या बाजूला भोक पाडलं आणि ओढायला लागल्या. पाणी चढेना. भोकातून हवाच आत येत राहिली.

"जोर से, मैम! और जोर से!" मुलं खिदळली.

बाईंनी तोंडातली स्ट्रॉ काढली. भोकावरून बोट फिरवलं आणि त्यांना घरचा ताकाचा पेला आठवला. तास कसाबसा उरकला. अर्धी रजा टाकून त्या बाहेर पडल्या. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा उतरून चालत सुटावं असं त्यांना वाटलं.

घरी चप्पल काढता काढताच त्या बोलायला लागल्या. "अहो, तुमचा जोर कमी नाहीये. ओठ मिटत नाहीत, तिथून हवा शिरते. मी उगाच बोलत होते तुम्हाला."

"वर्ग नको घेऊस," ते म्हणाले.

बाईंनी तरी पेला आणलाच. नवऱ्याच्या ओठांचा डावा कोपरा चिमटीत धरला. पण घाईघाईत जास्तच दाबला. ताक एकदम चढलं, त्यांना जोरात ठसका लागला, शर्ट भिजला. ते उठून आत गेले आणि दार लोटलं. बाई दाराबाहेर येरझाऱ्या घालत राहिल्या. हाक मारावी की नको, कळेना.

बऱ्याच वेळाने ते स्वतःच बाहेर आले. खुर्चीत बसले. आपल्याच बोटांनी ओठ धरला, हळू घोट घेतला. थांबले. पुन्हा घेतला. पेला संपत आला तशी स्ट्रॉ गुरगुरली. मग तसाच ओठ धरून म्हणाले, "अजून आण, प्रभा."

'प' जवळजवळ नीट आला होता. बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून जरा वेळ रडल्या.

गणपतीत निवेदन दुसऱ्याने केलं. दिवाळीनंतर दिलीपरावांचा डोळा मिटायला लागला, हसताना डावा कोपरा मात्र मागेच राहिला. थंडीत मंडळाच्या गाण्याच्या बैठकीला ते माईकसमोर उभे राहिले. एक हात गालावर, बोट ओठाशी. बाई मागच्या भिंतीला टेकून होत्या आणि प्रत्येक 'प'ला, 'ब'ला त्यांचे स्वतःचेच ओठ घट्ट मिटत होते. "आता राग भूफ," असं ते बोलून गेले. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. दिलीपराव थांबले, ओठ नीट धरला, "भूप," म्हणाले आणि गाणाऱ्या मुलीचं नाव सांगायला लागले.