सगळ्यांचा मूड जाऊ नये म्हणून

यशोधरा जामखेडजवळच्या खर्डा गावची. वडील ती शाळेत असतानाच गेले. आई भागिरथी गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. त्या चुलीच्या धुरावर यशोधरा डेअरीचं शिकली आणि संगमनेरला एका मोठ्या दूध प्रकल्पात तपासणीच्या कामावर लागली. धाकटा भाऊ पंकज गावातच राहिला. जामखेड रस्त्याला त्याचं टायर-पंक्चरचं दुकान.

प्रकल्पाला चीजचं नवं यंत्र घ्यायचं होतं. ते चालवून बघायला तिघांनी हॉलंडला जायचं ठरलं : प्रकल्पाचे प्रमुख हेमचंद्र साहेब, खरेदी विभागातली मनवा आणि यशोधरा. हेमचंद्र साहेब मोठे गोड बोलणारे गृहस्थ. कुणावर आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. प्रत्येकाच्या वाढदिवसाला न चुकता शुभेच्छा द्यायचे.

निघायच्या आधी यशोधरा गावी जाऊन आली. आईला परदेशापेक्षा तिथल्या खाण्याचंच जास्त अप्रूप.

"तिकडं मानसं काय खात्यात ते नीट बघून ये," भागिरथी म्हणाली. "मला सगळं सांगायचं. वास कसा हुता तेसुद्धा."

"रोज फोन करीन की."

पंकजनं साहेबांचा आणि मनवाचा असे दोन्ही नंबर घेऊन ठेवले. परमुलुख, काही लागलं तर असावेत.

पहिल्याच दिवशी ॲमस्टरडॅमच्या एका पुलावर फोटो काढताना यशोधराचा मोबाईल हातातून निसटला आणि खाली कालव्यात गेला. तिघंही हसले. साहेब म्हणाले, "एवढं काय त्यात, आमचे फोन आहेतच. हवा तेव्हा घे." त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशीही तिनं मनवाच्या फोनवरून घरी फोन केला. कागदाच्या कोनात मिळणारे बटाट्याचे जाड काप, त्यावर पांढरा सॉस, कच्चाच खायचा मासा, सगळं वर्णन करून सांगितलं. कच्च्या माशाचं ऐकून भागिरथी म्हणाली, "आगं बया! आन तू खाल्लास?"

"एक घास. डोळं मिटून."

आई किती वेळ हसत होती. आईचं हसणं तिनं ऐकलं ते शेवटचंच.

मंगळवारी दुपारी शाळेच्या चुलीपुढं भागिरथी कोसळली. उजवी बाजू गेली. पंकजनं तिला गाडीत घालून नगरला नेलं आणि दवाखान्यातूनच हेमचंद्र साहेबांना फोन लावला.

"साहेब, ताईला लगीच पाठवा. आई शुद्धीवर हाय. तिचंच नाव घेतीय. डाक्टर म्हनले, दोन-चार दिवस काय सांगता येत न्हाई."

"काळजी करू नका," साहेब म्हणाले. "मी सांगतो तिला. सोय करतो."

तोवर यंत्राची चाचणी पार पडली होती. सह्या झाल्या होत्या. राहिलेले तीन दिवस यंत्र विकणाऱ्यांनी पाहुण्यांना देश दाखवायला ठेवले होते. गाडी, जेवणं, नावेतून फेरी, सगळं ठरलेलं. साहेबांनी मनवाला बाजूला घेतलं.

"तिला आत्ता काही सांगायचं नाही. फोन मागितला तर तुझा पॅक संपलाय म्हण."

"पण सर, आई आहे तिची..."

"मनवा, तुझी कायम व्हायची फाईल माझ्याच टेबलावर आहे ना?" साहेब हसूनच म्हणाले.

मनवानं मान हलवली. संध्याकाळी यशोधरानं फोन मागितला तेव्हा साहेबांनीच उत्तर दिलं. तिकडं वळवाचं वादळ झालंय, जामखेडच्या बाजूचा टॉवर पडलाय, ऑफिसातून कळलं. उन्हाळ्यात असं होतंच. यशोधराला शंका यायचं काही कारण नव्हतं.

बुधवारी ते पवनचक्क्या बघायला गेले. त्याच दुपारी पंकजचा पुन्हा फोन आला. साहेब जरा लांब जाऊन बोलले.

"सांगितलं मी तिला. खूप समजावलं. पण ती म्हणते, काम अर्धवट टाकून येणार नाही."

"असं म्हनली? ताई?"

"मलाही वाईट वाटलं हो. करिअरचा विचार असतो मुलींना हल्ली."

"मला बोलू द्या तिच्याशी."

"ती आता मीटिंगमध्ये आहे. आणि खरं सांगू का, तिला बोलायचंही नाहीये."

फोन ठेवून साहेब परत आले आणि पवनचक्कीपुढं उभ्या असलेल्या यशोधराला म्हणाले, "थोडी उजवीकडं हो. पाती नीट यायला हवीत."

ते फोटो मनवानं स्टेटसला टाकले. रोजच टाकायची ती. पंकजनं लावलेला फोन ती उचलत नव्हती; पण दोघांकडं एकमेकांचे नंबर होते, म्हणून त्याला ते दिसले. पवनचक्कीपुढं ताई. नावेत ताई, केस उडतायत. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून त्यानं ते पाहिले. मावशी आक्काबाई शेजारी बसली होती. तिनं फोन हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

गुरुवारी संध्याकाळी यजमानांनी त्यांना एका जुन्या घरातल्या जेवणाच्या जागी नेलं. परातीएवढं मोठं, पातळ धिरड्यासारखं काहीतरी समोर आलं. अर्ध्यावर सफरचंदाच्या फोडी, अर्ध्यावर चीज.

"हे तर आपलं धिरडंच की!" यशोधरा हरखून म्हणाली. "आईला सांगितलं तर खरंच वाटायचं नाही तिला."

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. ते उठून दाराबाहेर गेले. तिकडं तेव्हा रात्र पडली होती. भागिरथी गेली, असं पंकज सांगत होता. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "उद्या दुपारपर्यंत थांबू का? येती का ती?"

"वाईट झालं," साहेब म्हणाले. "पण थांबू नका. तिनंच तसं सांगून ठेवलंय. उरकून घ्या."

ते परत येऊन बसले. रुमाल मांडीवर नीट पसरला. मनवा त्यांच्या तोंडाकडं बघत होती, आणि त्यांनी नुसते डोळे मिटून उघडले तेव्हा तिला कळलं.

"मनवा, घे की फोटो," साहेब म्हणाले. "यशोधरा, आज मनसोक्त खा हं. असं पुन्हा कधी मिळणार?"

यशोधरानं मोठा घास काट्यावर घेतला, तोंडापर्यंत नेला आणि कॅमेऱ्याकडं बघून हसली. मनवानं फोटो घेतला. आणि सवयीनं म्हणा, भीतीनं म्हणा, स्टेटसला टाकला.

शुक्रवारी सकाळी चीजचा बाजार होता. पांढऱ्या कपड्यांतली, रंगीत फिती लावलेल्या टोप्या घातलेली माणसं खांद्याच्या पट्ट्यांना लाकडी पाळणे अडकवून पिवळेधमक चीजचे गोळे दोघादोघांनी पळत नेत होती. यशोधरा टाळ्या वाजवत होती. खर्ड्यात ऊन टळल्यावर चौघांनी भागिरथीला खांदा दिला. बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणताना पंकजचा आवाज निघेना, शेजारच्यांनी पुढं म्हटलं.

मुंबईला उतरल्यावर साहेब म्हणाले, "अगं, तुझ्या आईची तब्येत जरा नरम असल्याचं कळलंय. ऑफिसची गाडी तुला थेट गावाला सोडेल." खरं काय ते तेव्हाही बोलले नाहीत. ते आणि मनवा दुसऱ्या गाडीनं संगमनेरला गेले.

चालक गोरक्षनाथ. त्याला माहीत होतं, साऱ्या ऑफिसलाच माहीत होतं. यशोधरानं नगरपर्यंत दोनदा त्याचा फोन मागितला.

"ताई, घरी जाऊनच बगा," एवढंच तो म्हणाला.

दारापुढं सतरंजी अंथरलेली, त्यावर बाया बसलेल्या. आत भिंतीशी आईचा फोटो, पुढं मेणबत्ती. यशोधरा हातातल्या पिशव्यांसकट उंबऱ्यातच खाली बसली. पिशवीतून लाल मेण चढवलेला चीजचा गोळा घरंगळत बाहेर आला. बायांनी त्याच्याकडं पाहिलं.

आक्काबाई जवळ आली. हात धरील असं वाटलं. तिनं विचारलं, "पोट भरलं का गं?"

"मावशे, कधी... मला कुनीच..."

"फोटो बगितले आमी. लई मोठा घास हुता."

"पंकज!" यशोधरा ओरडली. "मला काही माहीत नव्हतं रे!"

पंकज आतून आला. त्याचे डोळे कोरडे होते. "तूच म्हनली ना, काम टाकून येत न्हाई? तुज्या सायबानी सांगितलं. त्यो कशाला खोटं बोलंल? त्याचं काय अडलं हुतं?"

त्याचं खरंच काहीच अडलं नव्हतं.

मृत्यूनंतरच्या जलदान विधीपर्यंत ती घरात राहिली. कुणी तिच्याशी बोललं नाही. ताट वाढून समोर ठेवायचे आणि ती जेवते का ते चोरून बघायचे. जेवली तरी पंचाईत, नाही जेवली तरी सोंग.

संगमनेरला परतल्यावर ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"तुला सांगितलं असतं तर काय झालं असतं, विचार कर," ते समजुतीनं म्हणाले. "तू रडली असतीस. यजमान ओशाळले असते. तुला एकटीला कसं पाठवायचं म्हणून आम्हालाही निघावं लागलं असतं. सगळ्यांचा मूड गेला असता."

"मी पोचले असते सर. आई गुरुवारपर्यंत होती."

"असं कोण सांगणार? आणि तुमच्यात ते दहावं-तेरावं काही नसतं ना? मग अडलं कुठं?"

यशोधरानं टेबलाची कड घट्ट धरली. "माझ्या भावाला एक फोन करा. मला माहीत नव्हतं, एवढंच सांगा."

"म्हणजे मी खोटं बोललो, हे मीच सांगायचं?" साहेबांना खरोखरच हसू आलं. "त्याला नीट ऐकू आलं नसेल. दुःखात होतं असं."

ती मनवाकडं गेली. मनवा दोन्ही हातांनी कीबोर्ड दाबून धरल्यासारखी बसली होती. "मला यात ओढू नकोस यशोधरा. प्लीज." पुढच्या महिन्यात मनवा कायम झाली.

यशोधरानं सोडून जायचं ठरवलं. पण हातची नोकरी सोडून जायला पाठीशी कुणी लागतं, ते आता उरलं नव्हतं. ती त्याच प्रयोगशाळेत दूध तपासत राहिली. सणाला गावी जाणं बंद झालं. पहिल्या पुण्यस्मरणाचा फलक खर्ड्याच्या चौकात लागला. त्यावर चुलत्यांच्या सुनांचीही नावं होती, तिचं नव्हतं. कुणीतरी तिला त्याचा फोटो पाठवला.

पुढं मनवाला नाशिकला चांगली जागा मिळाली. साहेबांची भीती संपली तशी एका रविवारी तिनं पंकजला फोन केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग त्यानं यशोधराला फोन लावला.

"ताई, कळलं मला."

यशोधराला रडू फुटलं. तिला वाटलं, सुटले.

"पन येक हाय," पंकज म्हणाला. "आई बुधवारपर्यंत तुजंच नाव घेत हुती. मग मी तिला सांगितलं. म्हनलं, नको वाट बगू, तिला काम हाय, ती येत न्हाई म्हनली. रागात हुतो मी. तवापासून तिनं तुजं नाव घेतलं न्हाई. भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. आता तिला कोन सांगायचं?"

तिकडं दुकानात कुणीतरी टायर घेऊन आलं होतं, हवा भरून मागत होतं. पंकजनं त्याला थांब म्हणून सांगितलं नाही, आणि फोनही ठेवला नाही.