अव्वाच्या वतीने बोलणारी बाई

लातूरच्या दवाखान्यात माझ्या आईच्या, म्हणजे आमच्या अव्वाच्या वतीने एक बाई बोलायची. ती टॅबमध्ये राहायची. चित्रावर बोट ठेवलं की गोड, शुद्ध, कधीच न चिडणाऱ्या आवाजात म्हणायची, "मला पाणी हवे आहे." अव्वाने उभ्या जन्मात कधी 'हवे आहे' म्हटलेलं मला आठवत नाही. उदगीरच्या घरात तिला पाणी लागलं की ती "तांब्या कुठं मेला?" असं विचारायची आणि घरातला जो जवळ असेल तो तांब्या घेऊन पळायचा.

अर्धांगाच्या झटक्यात तिची उजवी बाजू आणि बोलणं एकदमच गेलं. डावा हात तेवढा चांगला राहिला. आपण बोललेलं तिला समजतं, पण तिच्याकडून शब्द निघत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. किती समजतं, असं विचारल्यावर "ते सांगता येत नाही" म्हणून पुढच्या खाटेकडे गेले. मी नांदेडहून रजा टाकून आले होते. माझे वडील, अप्पा, रोज सकाळी उदगीरहून एसटीने यायचे आणि संध्याकाळी दुकान बंद करायला परत जायचे.

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी टॅब दिला तेव्हा मला वाटलं, सुटलो. आता अव्वा सांगेल आणि आपण ऐकू. मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. अव्वाला गिळता येतंय. चमच्याने घट्ट पेज घ्यायला लागली तर नाकातली नळी निघेल. नाही घेतली तर पोटाला छिद्र पाडून नळी बसवावी लागेल आणि मग ती कधी निघेल ते सांगता येणार नाही. म्हणजे सगळं त्या चमच्यावर येऊन थांबलं होतं, आणि अव्वा तोंड उघडायला तयार नव्हती.

चमचा ओठांजवळ नेला की ती दात आवळायची. मग डाव्या हाताने टॅब ओढायची. त्यात माणसाच्या अंगाचं एक चित्र होतं. दुखेल तिथे बोट ठेवायचं. अव्वा नेमकं छातीवर ठेवायची. "माझ्या छातीत दुखत आहे," ती बाई म्हणायची, जणू कुणाला हळदीकुंकवाला बोलावतेय.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी किंचाळलेच. सिस्टर धावल्या, छातीला वायरी लागल्या, कागदाची पट्टी निघाली. सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी चमचा, छाती, पुन्हा वायरी, पुन्हा ठीक. मॅडम म्हणाल्या, जळजळत असेल. त्याचं औषध सुरू झालं. मग एक्स-रे झाला. अव्वाचं हृदय आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं निघालं. मग तिने नवीनच काढलं. छातीवर बोट ठेवायचं आणि लगेच लाल फुलीचं बटण दाबायचं. "माझ्या छातीत दुखत आहे. नाही."

"अहो, पण दुखतंय का नाही?" मी मॅडमना विचारलं. या आजारात हो आणि नाही यांची गल्लत होते, असं त्या म्हणाल्या. मग या डबड्याचा उपयोग काय, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले. त्या हसल्या. मला हसू येत नव्हतं. माझी आई माझ्यासमोर पडली होती, तिला काहीतरी सांगायचं होतं, आणि मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं.

मध्येच ती गळ्यातला दोरा ओढायची. आमच्यात मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत त्याच्या गळ्यात शिवाचं लिंग बांधतात. ते जन्मभर अंगावर राहतं. रोज आंघोळीनंतर डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, मगच तोंडात पाणी घालायचं. अव्वाचं लिंग चांदीच्या डबीत होतं, दोऱ्याला अडकवून छातीवर सोडलेलं. ती दोरा ओढायला लागली की सिस्टरना वाटायचं, दोरा टोचतोय. त्या डबी मानेमागे सरकवायच्या. एकदा अव्वाने त्यांना डाव्या हाताची चापट मारली. सिस्टर बिचाऱ्या म्हणाल्या, "ताकद येतेय बरं का!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, म्हणजे पडला असं मला वाटलं. पूजेशिवाय ही खाणार नाही! बेशुद्धीत नाकातून काय घातलं ते घातलं, आता शुद्धीवर कशी खाईल? मी अप्पांना म्हणाले, "इथेच पूजा करू की. विभूती आणते."

अप्पा एकदम दचकले. "हितं न्हाई. ह्या गर्दीत डबी उघडायची न्हाई. घरी गेल्यावर काय करायचं ते करू."

"पण ती खातच नाही ना, अप्पा!"

"उघडायची न्हाई म्हन्लं ना."

अप्पा माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत. मी विषय सोडला, पण मनात धरलं. दुसऱ्या दिवशी त्यांची एसटी यायच्या आत मी अव्वाचं अंग पुसलं, हात धुतले, पर्समधली विभूतीची पुडी काढली आणि डबीचं झाकण फिरवलं.

आत कापूस होता. नुसता कापूस.

मी आधी चादर झटकली. मग उशीचा अभ्रा उलटा केला, खाटेखाली वाकून बघितलं, सिस्टरना बोलवून नको ते बोलले. "ताई, आम्ही ती डबी कधी उघडतच नाही," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. घामाघूम होऊन मी अव्वाकडे बघितलं. तिला काडीचंही नवल वाटलं नव्हतं. ती माझी धावपळ शांतपणे बघत होती. तिला माहीत होतं. डबी हलकी झालीय हे तिला कधीचं माहीत होतं, आणि एका हाताने तिला ती उघडून दाखवता येत नव्हती. म्हणून आधी छाती, मग 'नाही': छातीवरचं लिंग नाही.

अप्पा आले. मी उघडी डबी त्यांच्यासमोर धरली. ते स्टुलावर बसले. मग सदऱ्याच्या आत हात घालून कोपरीच्या खिशातून त्यांनी रुमालाची गाठ काढली. लिंग त्यात होतं.

"पयल्या दिवशी एमआरआयच्या वक्ताला अंगावरचं सगळं काढून माझ्या हातात दिलं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "डॉक्टर म्हन्ले, भरवसा न्हाई. मला वाटलं, ही गेलीच तर ऐन टायमाला कुठं हुडकू? हातात द्यावं लागतंय ना माय, जाताना."

आमच्यात माणूस गेलं की त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून मातीत देतात. अप्पांनी ते तेवढ्यासाठी जवळ ठेवलं होतं. अव्वा वॉर्डात आली तेव्हा तिला मोकळा गळा दिसू नये म्हणून रिकामी डबी बांधली. "मग रोज आनून राहिलो. ती झोपली की गुपचूप घालावं म्हन्लं. पर गळ्याला हात लावला की डोळे उघडती."

मला अप्पांचा राग आला होता की त्यांची कीव आली होती, ते मला आजही नीट सांगता येत नाही. दोन्ही एकदम आलं आणि मी खिडकीकडे तोंड करून रडले. आपल्या माणसांनी आपल्याला जमेतून काढलंय, हे गळ्यातल्या वजनावरून ओळखून अव्वा इतके दिवस तशीच पडून होती.

अप्पांनी तिचा डावा हात उघडला आणि तळहातावर लिंग ठेवलं. पूजा उजव्या हाताने करायची असते, आणि तिचा उजवा हात चादरीवर निपचित होता. म्हणून अप्पांनी आपला उजवा हात लावला. विभूती ओढली, पाण्याचे थेंब सोडले. अव्वाने डोळे मिटले. मी झाकण लावून डबी तिच्या गळ्यात पुढच्या बाजूला ठेवली.

मग तिने टॅब ओढला. छातीवर बोट ठेवलं नाही. एकेक पान सरकवत गेली, मी तिला कधी दाखवलंही नव्हतं तिथपर्यंत. तिथे तोंडांची चित्रं होती, हसरी, रडकी, घाबरलेली. तिने एकावर बोट टेकवलं.

"मला राग आला आहे," ती बाई गोड आवाजात म्हणाली.

अव्वाने अप्पांकडे रोखून बघितलं आणि पुन्हा दाबलं. मग पुन्हा. शेजारच्या खाटेवरची माणसं वळून बघायला लागली.

"हाव," अप्पा म्हणाले. "येऊ दे. लई येऊ दे."

पेज निवत चालली होती. मी चमचा भरून पुढे केला. अव्वाने मान वळवली. माझ्या हातून तिला नको होतं. मी चमचा अप्पांच्या हातात दिला. अर्धी पेज वाटेतच चादरीवर सांडली. अव्वाने तोंड उघडलं.