चौथ्या शीलापुरता आवाज

शंकरकाका पुलगावच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. एकतीस वर्षं त्यांनी काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या लावल्या आणि सोडल्या. आर्वीची गाडी फलाट तीनवर लागते आहे, एवढंच सांगायचं असायचं. पण काका ते असं सांगत की आर्वीला न जाणारा माणूसही पिशवी उचलून उभा राही. असं ते स्वतःच सांगतात. मी जवळच्याच हिंगणघाटची, म्हणजे लहानपणी तो आवाज मीही ऐकला असणार. मला आठवत नाही. मी त्यांना तसं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तू इंजिनियर झाली म्हणून वाचली, नाही तर आठवण नसल्याबद्दल दंड केला असता."

रिटायर झाल्यावर ते मुलीकडे, संघमित्राताईकडे, शिकागोला आले. काकू आधीच गेल्या होत्या. ताई हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. दोघं डेव्हन ॲव्हेन्यूवर एका साडीच्या दुकानाच्या वर राहतात. खाली बस थांबते. बस आली की तिच्यातली बाई रेकॉर्डेड आवाजात पुढचा स्टॉप सांगते, आणि काका खिडकीतून म्हणत, "हिला प्रवासी दिसत नाहीत. चढणारी म्हातारी पाहून अर्धा मिनिट थांबायचं असते, ते हिला कोण सांगन?"

त्यांच्याशी माझी ओळख व्हिडिओ कॉलवरची. मी अमेरिकेतच, स्टेट कॉलेज नावाच्या गावात एमएस करत होते. तिथे महाराष्ट्रातले आम्ही आठ-दहा जण, जवळपास कुठे विहार नाही. कोणीतरी लिंक पाठवली: दर रविवारी सकाळी नऊला, शिकागोच्या वेळेने, ऑनलाइन बुद्धवंदना. वंदना शंकरकाका घेत. अमेरिकेतली तीस-बत्तीस घरं, आणि पुलगावहून एक फोन. तो फोन त्यांच्या मोठ्या बहिणीचा, सुलभाबाईंचा. आई लवकर गेल्यामुळे काकांना त्यांनीच वाढवलं. त्रिशरण-पंचशील काकांना पाठ करून घेतलं ते त्यांनीच, चुलीसमोर बसवून, चुकलं की पहिल्यापासून. काचबिंदूमुळे आता त्यांना दिसत नव्हतं. पुलगावात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असत. त्यांचा मुलगा नरेंद्र फोन उशाशी ठेवी आणि त्या ऐकत.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. जीव वाचला. आवाज मात्र गेला. म्हणजे पूर्ण गेला नाही, पण उरला तो फाटक्या भात्यातून निघणाऱ्या हवेसारखा. शब्द कळतात, समोर बसून ऐकलं तर. सुलभाबाईंना यातलं काही सांगितलं नाही. "तिले दिसत नाही, तर लपवणं सोपं आहे," काका म्हणाले. बरे होईपर्यंत रविवारची वंदना बंद ठेवली आणि बाईंना सांगितलं की शंकरला रविवारी काम लागलं आहे. एरवी त्यांच्याशी फोनवर ताईच बोले.

इथे आवाज नसलेल्या माणसाला काय काय बंद होतं, ते मी काकांमुळे शिकले. औषधाच्या दुकानाचा फोन मशीन उचलतं आणि म्हणतं, कशासाठी फोन केलात ते थोडक्यात सांगा. काका सांगत. मशीन म्हणे, मला ऐकू आलं नाही. काका पुन्हा सांगत. तिसऱ्या वेळेला मशीन आभार मानून फोन ठेवून देई. बँकेत त्यांनी पूर्वी स्वतःचा आवाजच पासवर्ड म्हणून नोंदवला होता, रांगेत उभं राहायला नको म्हणून. ऑपरेशननंतर बँकेने सांगितलं की आवाज जुळत नाही, सुरक्षेसाठी खातं थांबवलं आहे.

"एकतीस वर्षं एसटीनं मले आवाजासाठी पगार दिला," काका ताईला म्हणाले. "आता बँक म्हणते, तो कोणी दुसराच होता."

मी तोवर बेलव्ह्यू शहरात नोकरीला लागले होते. माझं काम आवाजातला गोंगाट काढायचं. कॉलवर माणूस बोलत असताना मागे पंखा चालू असतो, कुत्रा भुंकतो, कोणी मिक्सर लावतं. आमचा प्रोग्राम त्यातून माणूस तेवढा ठेवतो. पार्टीत कोणी विचारलं की मी हे फुशारकीनेच सांगत असे.

या वर्षी मार्चमध्ये बाईंच्या किडन्या निकामी झाल्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. नरेंद्रने फोन करून सांगितलं की आई एकच गोष्ट मागते आहे: शंकरच्या तोंडून वंदना ऐकायची. काकांचे उपचार चालू होते, विमानाला डॉक्टर नाही म्हणाले. म्हणून काकांनी रविवारची वंदना पुन्हा सुरू केली, आहे त्या आवाजात.

पहिल्या रविवारी मी लॉगिन झाले तेव्हा काका मेणबत्ती लावून बसलेले दिसले. हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलू लागले. आवाज शून्य. मी हेडफोन तपासला, वायफाय तपासलं. मग मीही हात जोडले आणि मनात म्हणत राहिले. वंदना चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हे आमच्यात तीन वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. शेवटी ओठ थांबले तसं सगळ्यांनी म्यूट काढून "साधु, साधु, साधु" म्हटलं. मला वाटलं, बाकीच्यांना ऐकू आलं.

असे तीन रविवार गेले. बत्तीस चौकोनांत बत्तीस घरं हात जोडून बसली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की नेटवर्क फक्त आपलंच खराब आहे. वंदना सगळ्यांना पाठ, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.

तिसऱ्या रविवारी, साधु म्हणून झाल्यावर, नरेंद्र चाचरत म्हणाला, "मामा, आई विचारते, शंकर येऊन बसते पण बोलत काहून नाही. राग आहे का म्हणते."

काका स्क्रीनकडे झुकले. त्यांचे ओठ हलले. आम्हाला काही ऐकू आलं नाही.

मी त्याच दिवशी सगळ्यांना मेसेज केले. स्टेट कॉलेजचा आयुष म्हणाला, "अगं यार, मला वाटलं माझाच लॅपटॉप गेला. मी ओठ बघून साधु म्हणत होतो."

"विचारायचं नाही का?"

"तू विचारलंस?"

कारण शोधायला मला दहा मिनिटं लागली, आणि ती दहा मिनिटं मी मुद्दाम लांबवली. आमच्यासारखाच कोणीतरी बनवलेला गोंगाट काढणारा प्रोग्राम त्या ॲपमध्ये होता. काकांचा खरखरीत, सलग, श्वास मिसळलेला आवाज त्याला पंख्यासारखा वाटला, आणि त्याने तो काढून टाकला. अगदी स्वच्छ, कुठे डाग न ठेवता. आमचं मॉडेल शिकवताना आम्ही त्याला हजारो तास ऐकवले होते. न्यूज वाचणारे, गोष्टी सांगणारे, मीटिंगमध्ये बोलणारे. घशाचं ऑपरेशन झालेला एकही माणूस त्यात नव्हता. ती यादी करणाऱ्या चौघांत मी होते.

मी फोन करून काकांना सेटिंगमध्ये "मूळ आवाज" चालू करायला शिकवलं. चौथ्या रविवारी काकांचा आवाज आला: खरखर, मागे फ्रिजची घुरघुर, खाली बसची बाई स्टॉप सांगते आहे. मला रडू आलं. काका त्रिशरण संपवून थांबले आणि पुलगावहून बाईंचा आवाज आला, अगदी बारीक.

"नरेंद्र, हा कोण आहे बाबा?"

"शंकरमामा आहे, आई."

"शंकरचा आवाज मले ओळखू येत नाही का? फसवू नको मले. शंकरले दे."

काकांनी कॉल बंद केला. पुढचे चार दिवस ते घरातही बोलले नाहीत. ताईने मला फोन केला, "उपासना, बाबा जेवत नाहीत गं. तिकडे आत्या चमचाभर पाण्यावर आहे. काहीतरी कर. तुझंच फील्ड आहे ना?"

माझ्या फील्डमध्ये करण्यासारखं एकच होतं, आणि ते मला आधीपासून माहीत होतं. शुक्रवारी मी शिकागोला गेले. ताईकडे एक जुनी कॅसेट होती, पुलगावच्या जयंतीच्या कार्यक्रमाची, सूत्रसंचालन काकांचं. तेवढ्या नमुन्यावरून हल्ली कोणाचाही आवाज तयार होतो. मग तो आवाज आपण टाइप करू ते बोलतो.

मी हे सांगितलं तेव्हा काकांनी चष्मा काढून हातात घेतला.

"म्हणजे मी बसन, आणि तो म्हणन."

"हो काका."

"आणि बाईले वाटन मीच."

"हो."

"कर," ते म्हणाले.

पहिल्या ॲपमध्ये गैरवापर होऊ नये म्हणून एक अट होती. ज्याचा आवाज बनवायचा त्याने स्वतः एक वाक्य वाचून परवानगी द्यायची. काकांनी सावकाश वाचलं. ॲपने सांगितलं, आवाज नमुन्याशी जुळत नाही, परवानगी नाकारली. पुन्हा वाचलं, पुन्हा नाकारली.

काका हसले. आवाज न येणारं हसू, फक्त खांदे हलले. "एसटीत असा एक साहेब होता," ते म्हणाले. "हजेरीले माणूस समोर उभा, तरी आयकार्ड मागे."

मग मी असं काही न विचारणारं दुसरं साधन काढलं. आमच्या धंद्यात त्यांना तोटा नाही. शनिवारी दुपारी फाइल तयार झाली. ती वाजवली तेव्हा ताई स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारात उभी राहिली. भरदार, थांबून थांबून बोलणारा, आर्वीच्या गाडीचा तो आवाज. काका डोळे मिटून ऐकत होते. पंचशीलातलं चौथं आलं तसा त्यांनी हात वर केला.

"थांब. हे काढ."

चौथं शील खोटं न बोलण्याचं.

"काका, एक शील गाळलं तर बाईंना कळेल."

"गाळू नको. जागा ठेव. तेवढं मी म्हणतो." मग ते खाली बघून म्हणाले, "खोटं बोलणार नाही, हे तरी मशीनकून वदवून घेऊ नको पोरी. बाईनं चुलीपुढं बसवून शिकवलं आहे."

मी तिथे सात सेकंद मोकळे ठेवले.

रविवारचा कॉल फक्त आमच्यात आणि पुलगावात ठेवला. नरेंद्रला सगळं सांगितलं होतं. त्याच्या मागे खाट दिसत होती, आणि खाटेवर चादरीत एक लहानशी घडी, त्या बाई. काका पांढरा सदरा घालून बसले, मेणबत्ती लावली. म्यूट-अनम्यूटचं बटण त्यांच्या बोटाखाली होतं. मी माझ्या लॅपटॉपवरून फाइल सुरू केली.

पहिल्याच ओळीला बाईंनी मान वळवली. "आला," त्या म्हणाल्या. "आला माहा शंकर." त्यांचे हात चादरीतून बाहेर आले आणि जुळले. त्या सोबत म्हणू लागल्या, एक शब्द मागे राहून. काकांचेही ओठ हलत होते. ॲपने त्या तयार आवाजाला कुठेच अडवलं नाही. एक अक्षरही कापलं नाही.

पहिलं शील झालं. दुसरं, तिसरं. मग फाइल गप्प झाली. काकांनी बटण दाबलं आणि पुढे झुकले. मानेच्या शिरा ताणून, सगळा श्वास लावून त्यांनी चौथं शील म्हटलं. मी त्यांना इतकं स्पष्ट बोलताना ऑपरेशननंतर कधी ऐकलं नव्हतं. प्रत्येक अक्षर आलं. पलीकडेही गेलं, माझ्या स्क्रीनवर आवाजाची हिरवी पट्टी शेवटपर्यंत हलत होती.

बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"नरेंद्र, हे मधात काय घरघर येऊन राहिलं? बंद कर ना ते. शंकर म्हणून राहिला."

नरेंद्रने कॅमेऱ्याकडे पाहिलं. "हो आई," तो म्हणाला.

काकांनी बटण पुन्हा दाबलं. फाइल आपल्या वेळेवर पाचव्या शीलावर गेली, भरदार, थांबून थांबून, जणू मध्ये काही झालंच नाही. मी ती थांबवू शकत होते. थांबवली नाही.

शेवटी खाटेवरून आणि नरेंद्रकडून साधु, साधु, साधु आलं. बाई दमल्या होत्या, पण चेहरा निवला होता. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "चौथं विसरला रे शंकर. लहानपणी बी तिथंच अडकत होता." मग थांबून, "जाऊ दे. थकला असन. पुढच्या वेळी म्हणजो."

काकांनी होकारार्थी मान हलवली. दोनदा, सावकाश, बाईंना दिसेल अशी.