वरून पुसायचं

सांडू पोलीस अ‍ॅक्शनच्या साली जन्मला आणि शहरातल्या शहागंजात पाट्या रंगवून जगला. उर्दू त्याला वाचता येत नसे, पण उर्दू पाटीतलं एक अक्षर चुकत नसे. घर कन्नड तालुक्यातलं, मेंढपाळांचं. आई राजाबाई साठीतही कळपामागं हिंडायची.

भांडणाऱ्या माणसांची त्याला किळस होती. "दोनच शब्द असतात त्यांच्याकडं," तो म्हणायचा. "हाण आन हाकल. तिसरा सुचला असता तर भांडलेच नसते."

एका हिवाळ्यात तिचा कळप गावचे बडे शेतकरी काकासाहेब यांच्या हरभऱ्यात शिरला. काठ्या निघाल्या. सांडूचा चुलतभाऊ सूर्यभान दुकानात येऊन गरजला, "आपून बी त्यांची डोकी फोडू!"

सांडूनं ब्रश थांबवला नाही. "फोड. आत काय सापडलं तर मला कळव."

दुसऱ्या दिवशी काकासाहेब आले. "सांड्या, वेशीला पाटी लावायचीय. मेंढपाळांना बंदी. अशी लिही, की जल्मभर याद राहिली पाहिजे."

पाटी लागली असती, तर गावचं पाणी बंद होऊन राजाबाईला कळपाच्या पाण्यासाठी घाट उतरावा लागला असता. काकासाहेबांना हे ठाऊक होतं. म्हणून तर पाटी हवी होती.

सांडू नाही म्हणाला नाही. लाल रंगात त्यानं चार ओळी काढल्या:

मेंढपाळांना बंदी.
मेंढरांना बंदी.
लेंडीखताला बंदी.
घोंगडीला बंदी.

सायंकाळी काकासाहेब पाटी न्यायला आले. थंडी होती. खांद्यावर घोंगडी होती. वाचता वाचता ते तिसऱ्या ओळीशी अडखळले. सुगी झाली की गावातले शेतकरी रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंड्यांनी जमीन पोसायची. पहिला मान काकासाहेबांच्या रानाचा.

"खालच्या दोन ओळी मी कवा सांगितल्या?"

"तुम्हाला सुचल्या नसत्या."

"लोकं हसतील ना मला!"

"व्हय."

"पूस ते खालचं."

रंग ओला होता. सांडूनं टर्पेंटाइनचं फडकं त्यांच्याच हातात दिलं. "वरून पुसायचं. खालून पुसलं तर वरचे ओघळ परत खाली येतात."

हे जेमतेम अर्धं खरं होतं. पण तेवढं कळणारा माणूस अशी पाटी करायला आलाच नसता.

काकासाहेबांनी पहिली ओळ पुसली. मग दुसरी. पत्रा कोरा झाला तेव्हा घोंगडीची कड लाल झाली होती.

"वरचं उद्या परत लिहून देशील का?"

"देतो की. घोंगडी काढून या फक्त."

ते आले नाहीत. सुगीनंतर राजाबाईचा कळप काकासाहेबांच्याच रानात बसला. सांडू मुद्दाम गावी गेला आणि आईला सगळं रंगवून सांगितलं.

राजाबाईनं शांतपणे ऐकलं. "पत्रा पुसून घेतला व्हय रं?" ती म्हणाली. "डोस्कं तसंच राह्यलं की त्याचं."

जिंकून आल्यासारखा मिरवतोस, म्हणजे तुझंही डोस्कं तसंच, अशा नजरेनं तिनं लेकाकडं पाहिलं आणि मेंढरांकडं गेली.